भडके मोजणारी

विद्यापीठात मला बसायला मिळालेली खोली आधी अडगळीची होती. मोडकी स्टुलं, बंद पडलेली उपकरणं आणि कुणाच्या तरी जुन्या प्रबंधांचे गठ्ठे एका कोपऱ्यात रचलेले होते. उरलेल्या जागेत दोन टेबलं होती. त्यांतलं पंख्याखालचं टेबल एका मुलीनं आधीच धरलं होतं.

"पंख्याखाली मी बसते. तुला कूलर," ती म्हणाली.

"चालू आहे का?"

"नाय. पण उन्हाळ्यापर्यंत होईल म्हणतात."

कूलर त्या उन्हाळ्यात झाला नाही, पुढच्याही नाही. आम्ही टेबलं ओढून पंख्याखाली आणली आणि खांद्याला खांदा लावून बसू लागलो. पुढची कितीतरी वर्षं तशीच गेली.

ती फर्दापूरची. अजिंठ्याची लेणी बघायला येणाऱ्यांसाठी तिच्या घरच्यांनी रस्त्याला लागून जेवणाचं हॉटेल आणि वर राहायच्या चार खोल्या काढल्या होत्या. मागं थोडं शेत होतं, पण घर चालायचं ते हॉटेलावर, आणि हॉटेल चालायचं तिच्या मोठ्या भावावर. मी शहरातल्याच सिडको वसाहतीतली. वडील कोर्टात नोकरीला, आई शाळेत शिक्षिका, आजोबा भिक्षुकी सोडून नोकरीला लागलेले. आमच्या घरात शिकणं हा प्रश्नच नव्हता, शिकायचंच असे. तिच्या घरात ती शिकतेय ही एकट्या भावाची जिद्द होती. दहावीनंतर तिला शहरात वसतिगृहात ठेवायचं त्यानं ठरवलं तेव्हा भावकीतले लोक त्याला समजवायला आले होते, असं ती सांगायची. त्यानं सगळ्यांना चहा पाजला आणि वाटेला लावलं.

आमचं काम तांबड्या बटू ताऱ्यांवर होतं. हे तारे आपल्या सूर्याहून पुष्कळ लहान, थंड आणि मंद. आकाशात सगळ्यांत जास्त भरणा त्यांचाच आहे, पण नुसत्या डोळ्यांनी एकही दिसत नाही. माझी आई सुरुवातीला गच्चीवर जाऊन विचारायची, "तुझा तारा यांतला कोणता गं?" यांतला कोणताच नाही म्हटलं की तिचा चेहरा उतरायचा. आम्ही काही दुर्बिणीला डोळा लावून बसत नव्हतो. अंतराळातली एक दुर्बीण हजारो ताऱ्यांचा उजेड सतत मोजत असते आणि ती मापं कुणालाही घेता येतात. आम्ही ती घेऊन संगणकावर चाळत बसायचो. एखादा ग्रह आपल्या ताऱ्याच्या आणि आपल्या मधून गेला, तर उजेड किंचित कमी होतो. पृथ्वीएवढा ग्रह सूर्यासारख्या ताऱ्यासमोरून गेला तर तो फरक सापडणं महाकठीण. तारा लहान असेल तर तेवढाच ग्रह त्याचा जास्त भाग झाकतो. म्हणून छोटे ग्रह शोधायचे तर छोट्या ताऱ्यांभोवती शोधायचे, एवढं साधं त्यामागचं गणित आहे.

पण हे तारे फार तापट. त्यांच्यावर अचानक भडके उठतात. शांत बसलेला तारा बघता बघता उजळतो आणि मग सावकाश निवतो. ग्रह शोधणाऱ्यांना ती कटकट वाटते, कारण भडक्यांच्या धांदलीत ग्रहाची बारीकशी खूण हरवून जाते. माझा विषय ग्रह शोधण्याचा होता, म्हणून मलाही ती कटकटच वाटे. तिचा विषय मात्र भडकेच होते. एकेक भडका ती वेगळा काढून त्याची ताकद मोजायची.

"तुला हे कंटाळवाणं वाटत नाही?" मी एकदा विचारलं.

"ताऱ्याचा स्वभाव कळल्याबिगर त्याच्या घरात कोण नांदतंय ते कसं कळणार?" ती म्हणाली. "ग्रह काय, सापडतील गं. एवढ्या भडक्यांत त्याच्यावरची हवा टिकली का, ते बघायला पाहिजे. मला तेवढंच बघायचंय."

तिचा भाऊ महिन्यातून एखादवेळी शहरात यायचा. मोंढ्याच्या बाजारातून हॉटेलाचा माल भरून झाला की वाट वाकडी करून विभागात यायचा आणि दारातच चपला काढायचा. आम्ही किती सांगितलं तरी चपला घालून आत आला नाही. येताना डबा असायचा. वांग्याचं भरीत, शेंगदाण्याची चटणी, फडक्यात बांधलेल्या ज्वारीच्या भाकरी. एकदा तिच्या संगणकावर ताऱ्याच्या उजेडाचा आलेख उघडा होता. खाली-वर जाणारी ती रेघ त्यानं बराच वेळ पाहिली.

"कुणाचा कार्डिओग्राम हाय हा?"

ती हसता हसता खुर्चीतून पडायची राहिली. मग तिनं त्याला शेजारी बसवून सगळं समजावून सांगितलं. तो नीट ऐकत होता. शेवटी एवढंच म्हणाला, "म्हंजे तब्येतच बघता की तुम्ही ताऱ्याची." जाताना जिन्यात त्यानं मला हळूच विचारलं, "ताई, हिचं नाव छापून येतं का कुठं, असं काही केलं तर?" मी म्हटलं, येतं की. तो मान हलवत खाली उतरला.

ग्रहाची खूण तिलाच सापडली. एप्रिलमधली दुपार होती. वीज जाऊन आलेली, खोली भट्टीसारखी तापलेली. एका भडकणाऱ्या ताऱ्याची मापं ती साफ करत होती. जगभरात ही मापं आपोआप तपासणाऱ्या प्रणाली असतात, त्यांनी हा तारा फार गडबडीचा म्हणून बाजूला टाकलेला होता. तिनं त्यावरचे भडके एकेक करून उचलले. उरलेली रेघ सपाट यायला हवी होती, ती आली नाही. तिच्यात सारख्या अंतरानं बारीक खळगे होते.

"हे बघ गं जरा," ती म्हणाली. आवाज अगदी साधा होता. "तुझ्या खात्यातलं दिसतंय."

मी बघितलं. खळगे सगळे सारख्या खोलीचे होते आणि दर अडीच दिवसांनी नेमानं येत होते. ती उठून माठातलं पाणी पिऊन आली, मला आणून दिलं आणि परत बसली.

सर, म्हणजे आम्हा दोघींचे मार्गदर्शक, चष्मा कपाळावर चढवून बराच वेळ बघत राहिले. त्यांचा स्वभाव असा की आनंदाची बातमी आली की आधी तिच्यावर संशय घ्यायचा. "मागं दुसरी ताऱ्यांची जोडी असेल. एक दुसऱ्याला झाकत असेल. किंवा ताऱ्यावरचे डाग असतील. सगळं वगळा, मग या." आम्ही वगळत बसलो. आजूबाजूचे तारे तपासले, डाग तपासले, तारा स्वतःभोवती किती दिवसांत फिरतो ते तिनं काढलं. खळग्यांचा त्याच्याशी मेळ बसत नव्हता. दिवाळीच्या आसपास सर म्हणाले, "आता जमिनीवरून एकदा बघायला पाहिजे." त्यांनी हिमालयातल्या एका दुर्बिणीवर वेळ मागितली आणि हिवाळ्यात ती मिळाली. खळगा ठरल्या वेळी आला. त्यानंतर सरांनी पहिल्यांदा आम्हाला विभागासमोरच्या टपरीवर चहा पाजला. सर कुणाला चहा पाजत नसत.

तिनं त्याच संध्याकाळी घरी फोन केला. पलीकडून भाऊ काय म्हणाला ते मला ऐकू आलं नाही. ती मात्र म्हणत होती, "अरे, आपलं नाव नाय देत त्याला. नंबर देतात. नाय, माझा नाय. नंबर."

त्याच हिवाळ्यात तिचा भाऊ गेला. त्या दिवशी आम्ही खोलीतच होतो. सकाळची अकराची वेळ असेल. तिचा फोन वाजला. तिनं ऐकून घेतलं, फोन टेबलावर उपडा ठेवला. मग संगणकावरचं काम जतन केलं, संगणक नीट बंद केला आणि मला म्हणाली, "दादाचा अपघात झालाय. निघा म्हणतायत."

सरांनी स्वतः गाडी काढली. अजिंठ्याकडे जाणारा रस्ता तेव्हा खणलेला होता. वळणवाटांवर धूळ इतकी, की समोरचं वाहन अंगावर येईपर्यंत दिसत नसे. तो मोटारसायकलवरून सिल्लोडला हॉटेलचं सामान आणायला निघाला होता आणि धुळीतून आलेल्या ट्रकनं त्याला उडवलं होतं. आम्ही सिल्लोडला पोचलो तेव्हा काही उरलं नव्हतं. दवाखान्याच्या पायरीवर तिचे वडील, आबा, टोपी हातात घेऊन बसले होते. तिला बघून ते उठले नाहीत. "आलीस?" म्हणाले आणि पुन्हा टोपीकडे बघत राहिले.

ती रडली नाही. घरी सगळ्या बायका आकांत करत होत्या. वहिनीला दोघी-तिघी धरून बसल्या होत्या. भावाची दोन लहान पोरं कुणाच्या तरी कडेवर टकाटका बघत होती. ती मात्र आलेल्यांना पाणी देत होती, सतरंज्या कुठं आहेत ते सांगत होती, वडिलांच्या गोळ्या शोधत होती. एक म्हातारी म्हणाली, "पोरीला रडवा गं कुणी. आतल्या आत कोंडलं की बाधतं." तिच्या आईनं माझा हात धरला. "माय, तू बोल तिच्यासंगं. तुझं ऐकती ती." मी तिच्याजवळ गेले. ती म्हणाली, "ते मोठं पातेलं धर की त्या बाजूनं," आणि आम्ही दोघींनी ते पातेलं उचलून चुलीवर ठेवलं.

महिनाभरानं येते म्हणाली होती. महिन्यानं फोनवर म्हणाली, सिझन संपू दे. लेण्यांकडे येणाऱ्यांची गर्दी हिवाळ्यात असते, आणि हॉटेलातला आचारी पळून गेला होता. उन्हाळ्यात ती आली, ती वसतिगृहातली खोली रिकामी करायला. सरांना भेटायला गेली तेव्हा मीही बरोबर होते.

"सहा महिन्यांची रजा टाक," सर म्हणाले. "नंतर वर्षाची करू. मी बघतो."

"सर, रजा घेतली की परत यावं लागतं," ती म्हणाली. "आबांचं वय झालंय. वहिनीला हिशेबातलं, गिऱ्हाइकातलं काही ठाऊक नाय. पोरं लहान आहेत. दादानं मला शिकवलं ते हॉटेलाच्या जिवावर. आता हॉटेल कुणी बघायचं?"

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "तुझ्यासारखी विद्यार्थिनी मला मिळाली नाही," एवढं त्यांच्या तोंडून आलं. माझ्यासमोर आलं, पण मला त्याचं वाईट वाटलं नाही. ते खरंच होतं.

तिचं सामान एसटीत चढवताना मी म्हटलं, "काम थांबणार नाही. मी तुला सगळं कळवत जाईन."

"कळव. पण ग्रहाचं वजन, त्रिज्या वगैरे राहू दे. हवेचं काही कळलं तर कळव."

ती गेल्यावर खोलीत मी एकटीच राहिले. दोन्ही टेबलं पंख्याखाली तशीच होती. विभागातून शिपाई आले, तिचं टेबल दुसऱ्या खोलीत हवंय म्हणाले. मी नेऊ दिलं. दिवसभर मापं चाळायची, संध्याकाळी विद्यापीठाच्या फाटकाशी सिटी बसची वाट बघायची, घरी गेल्यावर पाणी आलंय का विचारायचं, नळाला पाण्याची पाळी असली तर आईबरोबर भांडी भरायची. कामातला आनंद संपला असं मी म्हणणार नाही. पण काही सापडलं की मान वळवून "हे बघ" म्हणायची सवय लागलेली होती, ती मोडायला फार वेळ लागला.

फोन करायची मी. पलीकडून भांड्यांचा आवाज, कुणीतरी ओरडतंय, "दोन थाळी, एक बिगरकांद्याची." ती म्हणे, "थांब हं," आणि मग फोन कुठंतरी ठेवून दिलेला असे. मला तिथलं सगळं ऐकू येत राही. कधी ती परत येई, कधी विसरून जाई.

परदेशातल्या एका गटानं ग्रहाच्या ओढीनं तारा किती डुलतो ते मोजलं, आणि त्यावरून ग्रहाचं वजन निघालं. पृथ्वीहून थोडा मोठा आणि दगडाचाच बनलेला. ताऱ्याच्या इतका जवळ की त्याचं वर्ष आपल्या अडीच दिवसांत पुरं व्हायचं, आणि एकच बाजू कायम ताऱ्याकडे तोंड करून तापत राहायची. राहण्याजोगा अजिबात नव्हता. पण अशा तापलेल्या गोळ्यावरसुद्धा दाट हवा तगून राहू शकते का, हा प्रश्न मोठा होता. शोधनिबंध लिहून झाला. लेखकांत तिचं नाव दुसऱ्या क्रमांकावर घालायचं सरांनी आणि मी ठरवलं. पण नाव घालायला तिची लेखी संमती लागत होती आणि ती काही उत्तर देत नव्हती. शेवटी मी फर्दापूरला गेले.

हॉटेल बंद व्हायची ती मधली वेळ होती, दुपारची जेवणं उरकलेली. ती तांदूळ निवडत होती. वहिनी शेजारी ताटं पुसत होती.

"नको घालूस नाव," ती मान वर न करता म्हणाली.

"खळगे तुला सापडलेत."

"सापडले. मग? नाव आलं की लोक विचारणार, आता पुढं काय करतेस. कुणी पत्र लिहील, कुणी बोलवील. मी काय सांगू? रोज सकाळी उठून ते दार बंद करावं लागंल मला. एकदाच केलंय, तेवढं बास."

तिचं म्हणणं चूक आहे असं मला वाटेना. मी कागद पिशवीत परत घालायला लागले, तेवढ्यात वहिनी बोलली. वहिनी कधी आमच्या बोलण्यात पडत नसे.

"ताई, घाला नाव," ती मला म्हणाली. मग नणंदेकडे वळली. "ह्यांनी मला सांगून ठेवलं होतं. तिचं नाव छापून आलं की चौकट करायची आन् गल्ल्याच्या वर लावायची. जागा बी दाखवली होती. तुम्हाला नको असंल तर नका बघू तिकडं. पण ते लावायचं हाय."

बाहेर एक टेम्पो येऊन थांबला, हॉर्न वाजवून निघून गेला. मग तिनं हात पदराला पुसले आणि म्हणाली, "पेन दे."

निबंध छापून आला. पहिलं पान मी चौकट करून पाठवलं. वहिनीनं ते गल्ल्याच्या वर लावलं. तिनं काढलं. वहिनीनं परत लावलं. असं काही दिवस चाललं, आणि मग ते तिथंच राहिलं. जेवायला येणाऱ्यांना ते परवाना वगैरे वाटत असणार. कुणी विचारत नाही, असं वहिनी मला जरा नाराजीनं म्हणाली.

हवेचं कळायला आणखी बराच काळ गेला. त्यासाठी लागणारी मोठी दुर्बीण अंतराळात होती आणि तिच्यावर वेळ मिळावी म्हणून सगळं जग रांगेत उभं होतं. एका परदेशी गटाला ती मिळाली. त्यांनी तपासायला जे ग्रह निवडले त्यात आमचा होता. मी तिला फोन केला तेव्हा ती एकदम म्हणाली, "कधी कळंल?" त्या दिवशी तिनं फोन कुठं ठेवला नाही. पद्धत काय, किती वेळा बघणार, चूक किती धरणार, सगळं तिनं खोदून खोदून विचारलं. मागं कुणी थाळीसाठी ओरडत होतं. ती म्हणाली, "थांबा जरा," आणि ते मला नव्हतं, मागच्या माणसाला होतं.

त्यानंतर ती स्वतःहून फोन करायला लागली. "आलं का काही?" नाही म्हटलं की "बरं" म्हणून ठेवून द्यायची.

निकाल सरांकडे आधी आला. ते तोपर्यंत निवृत्त झाले होते. त्यांनी मला घरी बोलवून वाचायला दिलं. ग्रह ताऱ्याच्या मागं जातो तेव्हा त्याची स्वतःची उष्णता तेवढ्यापुरती वजा होते, आणि त्यावरून ऊन लागणारी बाजू किती तापलीय ते काढता येतं. हवा असेल तर वारे ती ऊब पलीकडच्या अंधाऱ्या बाजूला नेतात आणि ही बाजू थोडी निवते. आमच्या ग्रहाची ही बाजू निवलेली नव्हती. उघडा दगड जितका तापेल तितकी ती तापलेली होती.

"फोनवर सांगू नकोस," सर म्हणाले.

मी दुसऱ्या दिवशी सकाळची एसटी धरली. डिसेंबरचा महिना, लेण्यांची गर्दी. हॉटेलात बसायला जागा नव्हती. तिनं मला बघितलं, आणि कशासाठी आलेय ते तिला तेव्हाच कळलं असावं. पण एका सहलीची पोरं जेवत होती, त्यांना वाढणं चाललं होतं. "मागं बस. येतेच," म्हणाली. मी मागच्या बाजूला पाण्याच्या टाकीजवळच्या कट्ट्यावर बसले. सहल गेली तशी ती आली आणि माझ्या शेजारी बसली. हाताला कणीक लागलेली होती.

"सांग."

मी सांगितलं. तिनं मधेच विचारलं, "पातळ थर तरी? अगदी विरळ?"

"दाट तर नाहीच. विरळसुद्धा असण्याची चिन्हं नाहीत."

"अंधाऱ्या बाजूला ऊब जातच नाय?"

"नाही."

ती समोरच्या डोंगराकडे बघत होती. "मला ठाऊक होतं," ती म्हणाली. "भडके मीच मोजले होते की. एवढ्या माऱ्यात काय टिकतंय. ठाऊक होतं मला. तरी वाटायचं..."

काय वाटायचं ते तिला पुरं करता आलं नाही. ती रडायला लागली. आधी आवाज नव्हता, नुसते खांदे हलत होते. मग असा हुंदका फुटला की टाकीवर बसलेली कबुतरं उडाली. तिला मी इतक्या वर्षांत कधी रडताना बघितलं नव्हतं, भावाला नेलं तेव्हासुद्धा नाही. मी तिला धरलं. ती कणकेच्या हातांनी तोंड झाकून घेत होती आणि कणीक तिच्या गालांना, केसांना लागत होती.

वहिनी धावत बाहेर आली. तिच्या मागं तिची सासू. वहिनीचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"कोण गेलं?" तिनं मला विचारलं.

"कुणी नाय," तीच हुंदक्यांतून म्हणाली. "कुणी नाय गेलं, वहिनी."

वहिनी क्षणभर उभी राहिली. मग काही न विचारता तिच्या दुसऱ्या बाजूला बसली, तिचं डोकं आपल्या मांडीवर घेतलं आणि स्वतःही रडू लागली. म्हाताऱ्या आईला काय झालंय ते कळलं नाही, पण तिनंही दाराच्या चौकटीला धरून डोळ्याला पदर लावला. आत गिऱ्हाईक हाका मारत होतं. आबा काठी टेकत उठले आणि त्यांनीच जाऊन पाणी दिलं.

संध्याकाळची गाडी निघेपर्यंत मी तिथंच होते. ती उठली, तोंड धुतलं, कणीक परत मळायला घेतली. डोळे सुजलेले होते, पण पोळ्या नेहमीसारख्या भराभर लाटत होती. मला जेवायला वाढून ती समोर बसली आणि भावाबद्दल बोलायला लागली. तो लहानपणी कसा पोहायचा, लग्नात कसा नाचला, हॉटेलाच्या पाटीवर शुद्धलेखनाची चूक झाली म्हणून रंगाऱ्याशी कसा भांडला. तो गेल्यापासून तिनं माझ्याजवळ त्याचं नाव काढलं नव्हतं. त्या दिवशी ती थांबेचना.

तिचा प्रबंध पुरा झाला नाही. मुदत संपली. मी शहरातल्या एका कॉलेजात शिकवते आणि उरलेल्या वेळात ताऱ्यांची मापं चाळते. आमच्या ग्रहाकडे आता कुणी फारसं बघत नाही. उघडे दगड पुष्कळ सापडलेत, लोक हवा असलेल्या ग्रहांच्या शोधात पुढं गेलेत. तेच बरोबर आहे. तिनं भडके साफ करण्यासाठी बसवलेली पद्धत मात्र मी अजून वापरते. माझ्या हाताखालची मुलं तीच शिकतात.

मागच्या हिवाळ्यात गेले होते तेव्हा तिनं वरच्या मजल्यावर नव्या खोल्या बांधायला काढल्या होत्या. वाळूचे ढीग, सळया, गवंड्यांची लगबग. ती मला सगळं फिरून दाखवत होती. मी न राहवून विचारलं, "कधी वाटतं का, परत यावं?"

"आधी लई वाटायचं," ती म्हणाली. "संगणक दिसला तरी तोंड फिरवून घ्यायची मी. आता नाय वाटत. आणि ते नाय वाटत, ह्याचंच कधी कधी वाईट वाटतं." मग गवंड्याला हाक मारून म्हणाली, "अहो, खिडकी तिकडं नाय, डोंगराच्या बाजूला ठेवायचीय."

गवंडी पुटपुटत परत माप घ्यायला लागला. ती टेपचं एक टोक धरून उभी राहिली आणि दुसरं मला धरायला सांगितलं.